पीटर मंडीचा 'चा' आणि आमचे मंचुरियन

गेल्या महिन्यात नातवंडे पुण्याहून आली होती. दुपारी सौ.ने फ्रूट सॅलड करायला घेतले. कस्टर्ड पावडर संपलेली निघाली, म्हणून तिने कॉर्नफ्लोअरमध्ये चिमूटभर पिवळा रंग आणि व्हॅनिलाचे चार थेंब टाकून भागवले. संध्याकाळी धाकट्याने हट्ट धरला की मंचुरियनच पाहिजे. कोबी किसला, गाजर किसले आणि पुन्हा फडताळातून तोच कॉर्नफ्लोअरचा डबा खाली आला. नात हुशार आहे. तिने विचारले, "आजोबा, कस्टर्ड ब्रिटिश, मंचुरियन चायनीज, मग यात आपलं काय?" मी म्हटले, "पोट आपलं!"

हसण्यावारी नेले खरे, पण पस्तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न स्वस्थ झोपू देत नाही. शिवाय मी खवय्या. आमच्या खान्देशातली शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत यांवर माझे प्रेम आहेच, ते वेगळे सांगायला नको. पण खरे सांगू? रोजच्या रोज ज्याच्यावाचून माझे अडते ते सगळे साहेबाचे नाहीतर चिन्यांचे आहे. सकाळी चहा आणि टोस्ट, चारला पुन्हा चहा आणि खारी, शनिवारी संध्याकाळी गाडीवरचे मंचुरियन. म्हणून म्हटले, जरा मागे जाऊन बघू.

कस्टर्डची गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण ती छोटी आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याच्या बायकोला अंडे सोसत नसे. तिच्यासाठी त्याने १८३७ साली बिनअंड्याचे, मक्याच्या पिठाचे कस्टर्ड तयार केले. एका इंग्रज बाईच्या पथ्यामुळे आमच्यासारख्या माळकऱ्यांच्या घरात साहेबाचे पक्वान्न बिनबोभाट शिरले! माझे वडील पंढरीचे वारकरी. केक पुढे आला की आधी "यात अंडे आहे का?" ही चौकशी. फ्रूट सॅलडला मात्र कधी हरकत नव्हती. लग्नाच्या पंगतीत ते दोन-दोन वाट्या घेत.

आता पीटर मंडी. हा कोण, ते आमच्या क्रमिक पुस्तकात नव्हते. नोकरीत असताना मलाही बरीच वर्षे ठाऊक नव्हते. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा हा माणूस, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. नोव्हेंबर १६३० मध्ये तो सुरतेहून आग्र्याला निघाला आणि वाटेत आमच्या नंदुरबारवरून पुढे बऱ्हाणपूरला गेला. त्या काळी सुरत-बऱ्हाणपूर हा व्यापाराचा मोठा रस्ता आणि नंदुरबार त्यावरचे नामांकित ठाणे. पुढे त्याच शतकात इंग्रजांची वखारही इथे होती. पण मंडी आला तो काळ वाईट होता. १६३० ते ३२ चा तो भीषण दुष्काळ गुजरात आणि दख्खनवर पसरलेला. रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते, अन्नासाठी पोटची पोरे विकणारे आईबाप, असे सगळे त्याने आपल्या वहीत लिहून ठेवले आहे. आमच्या गावाच्या परिसरात आलेल्या इंग्रजाची माझ्या वाचनातली ही सर्वात जुनी हकिकत, आणि तिच्यात खाण्याचे वर्णन नाही, उपासमारीचे आहे.

हाच मंडी सात वर्षांनी, १६३७ मध्ये, जहाजाने चीनला पोहोचला. तिथे लोकांनी त्याला एक गरम पेय प्यायला दिले. त्याचे नाव त्याने 'चा' असे लिहिले आणि पुढे खुलासा केला तो साधारण असा, की हे म्हणजे पाण्यात कसलीशी वनस्पती उकळलेली असते. बस्स, एवढेच. इंग्रज माणसाने चहा पिऊन लिहून ठेवलेल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. मला गंमत वाटते ती ही, की चहाची चव साहेबाच्या जिभेला लागण्याआधी त्या जिभेने नंदुरबारचे पाणी चाखले होते. (मास्तरकीची खोड! कुठूनही आपले गाव मध्ये आणायचे.)

आपण 'चहा' म्हणतो तो शब्द चिनीच. ज्यांना हे पेय कँटनकडून किंवा खुष्कीच्या मार्गाने मिळाले ते 'चा', 'चाय', 'चहा' म्हणू लागले. डचांनी फुकियन प्रांताच्या बाजूने समुद्रमार्गे नेले, तिथल्या बोलीत त्याला 'ते' म्हणत, त्याचे इंग्रजांकडे 'टी' झाले. कपबशीही चिनी मातीची. आणि बशीत ओतून फुरके मारायची आपली पद्धत गावंढळ म्हणून जी हिणवली जाते, ती अठराव्या शतकात इंग्रजांच्या घरातही होती. आमच्या पुण्याच्या सूनबाईंनी याची नोंद घ्यावी.

पुढचा भाग मात्र गमतीचा नाही. इंग्रजांना चहाचे व्यसन लागले, पण चिनी व्यापारी चहाच्या मोबदल्यात चांदी मागत. एवढी चांदी आणायची कुठून? म्हणून हिंदुस्थानातली अफू चीनमध्ये पाठवायची आणि तिच्या पैशातून चहा घ्यायचा, असा उद्योग सुरू झाला. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई, माळव्याची मुंबईहून. माळव्याच्या अफूवर १८३१ पासून कंपनी सरकार परवान्याची फी वसूल करू लागले. माळव्यातून मुंबईकडे उतरणारा आग्रा रोड शिरपूर-धुळ्यावरूनच जातो. वर्गात पहिल्या अफू युद्धाची सनावळी, १८३९ ते १८४२, मी पाठ करून घेत असे. पण आपल्या शेजारच्या रस्त्याचा त्या युद्धाशी संबंध आहे हे पोरांना मी निवृत्तीपर्यंत सांगू शकलो नाही, कारण मलाच त्याचा उलगडा उशिरा झाला. याच सुमारास आसामात चहा पिकू लागला आणि १८३९ साली लंडनच्या लिलावात त्याची पहिली विक्री झाली.

एवढे होऊनही आपल्याकडचा सामान्य माणूस चहा पीत नव्हता. तो प्यायला लावला मळेवाल्यांच्या प्रचाराने. १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर कर बसवून त्यातून प्रचारासाठी निधी उभा केला गेला. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या पाट्या लागल्या, गावोगाव फुकट चहा पाजणाऱ्या मोटारी फिरल्या. आमच्याकडे ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास आली. माझ्या लहानपणी सुरतेकडून येणाऱ्या पॅसेंजरने खारी, बटर आणि टोस्टचे पत्र्याचे डबे उतरत. (बटर म्हणजे लोणी नव्हे. खान्देशात आणि सुरतेत बटर म्हणजे चहात बुडवायचे कडक गोल बिस्किट.) डबा उघडला की जो वास येई, तो अजून माझ्या नाकात आहे. वाटेतल्या नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. आमचे खाणेही तसेच, दोन्हीकडचे.

पण बिस्किट काही सगळ्यांच्या घशाखाली सहज उतरले नाही. पंचहौद मिशनचे प्रकरण बहुतेकांना ठाऊक असेल. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोश्यांच्या खटपटीने शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. व्याख्यानानंतर पाद्र्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी घेतली, काहींनी नुसता मान राखला. गोपाळरावांनी नंतर सगळ्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध करून टाकली! मग ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला दाखवला. रानड्यांनी मित्रांच्या अडचणी बघून १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. त्यावरून सुधारकांनी त्यांना धारेवर धरले. घरात यामुळे काय चलबिचल झाली ते रमाबाई रानड्यांच्या आठवणींच्या पुस्तकात वाचायला मिळते.

हा प्रसंग वर्गात मी फार रंगवून सांगायचो. पोरे हसायची. एका कप चहासाठी केवढे महाभारत! मीही हसायचो. पण त्या हसण्यात माझी लबाडी होती, ती आज लिहितो.

१९७४ ची गोष्ट. मी नुकताच पुणे विद्यापीठाची बी.ए. आणि मग बी.एड. करून शाळेत लागलो होतो. माझ्याबरोबरच गणिताचे एक सर लागले. अक्कलकुवा तालुक्यातल्या खेड्यातले, भिल्ल समाजातले, त्यांच्या गावातले पहिले बी.एस्सी. आमची मैत्री जमली ती खाण्यावरून. धुळ्याच्या वसतिगृहात असताना दोघांनीही, वेगवेगळ्या वर्षी, स्टेशनजवळच्या एकाच इराण्याकडे आयुष्यातले पहिले ऑम्लेट खाल्ले होते. दोघांनीही घरी सांगितले नव्हते. मी माळकऱ्याचा मुलगा म्हणून आणि ते, त्यांच्या भाषेत, "अंड्यावर एवढे पैसे घातले म्हणून आईने मारलं असतं" म्हणून.

एका रविवारी मी त्यांना घरी बोलावले. आजी होती. तिने आल्याचा मस्त चहा केला. माझा कप नेहमीचा, फुलाफुलांचा. सरांना चहा आला तो ओसरीच्या गोखल्यात वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून. शेतावरची सालदार माणसे यायची त्यांच्यासाठी तो होता. गावातल्या हॉटेलांबाहेरही अशा कपबशा ठेवलेल्या असत. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होऊन एकोणीस वर्षे झाली होती. भिल्ल समाज तर त्या कायद्याच्या अर्थानेही अस्पृश्य नव्हे, तो आदिवासी. पण गोखल्यातल्या कपाला कायद्याची कलमे कुठे वाचता येतात? सरांनी चहा प्यायला. उठून मोरीवर गेले, कप विसळला आणि स्वतःच्या हाताने परत गोखल्यात ठेवला. गोखला कुठे आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

मी काही बोललो नाही. आजीला नाही आणि सरांनाही नाही. मी इतिहासाचा शिक्षक, पंचहौद मिशन रंगवून सांगणारा.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा म्हणाले, "मी चहा सोडला सर." आजी १९८१ मध्ये गेली. गोखला बुजवून टाकला, घर नवे बांधले. सौ. दरवेळी आग्रह करायची, ते दरवेळी म्हणायचे, "सोडला हो वहिनी, पित्त होतं." घरात पाणी प्यायचे, शेवया खायचे, फ्रूट सॅलड तर मागून घ्यायचे. चहा नाही. तीस वर्षे मीही मनाशी धरून चाललो की माणसाला खरेच पित्ताचा त्रास असेल.

चिन्यांकडे अजून आलोच नाही! १९६२ च्या युद्धात मी बारा वर्षांचा होतो. शाळेतून संरक्षण निधीला पैसे दिले होते आणि 'चिनी' हा शब्द तेव्हा शिवीसारखा वापरला जाई. त्याच वेळी इथेच जन्मलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या कलकत्त्यात आणि आसामात राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानात देवळी इथल्या छावणीत डांबले गेले. काही जण तर तिथे १९६७ पर्यंत होते. ही माणसे हॉटेले चालवणारी, चामडे कमावणारी, दात बसवणारी. गाडीवर आपण 'हक्का नूडल्स' मागतो तो हक्का म्हणजे त्यांच्यातलाच एक समाज. हे मला साठी उलटल्यावर कळले आणि त्यानंतरची पहिली प्लेट जरा जड गेली.

मंचुरियनचा मंचुरियाशी काही संबंध नाही. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वँग हे चिनी वंशाचे आचारी मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात होते. १९७५ मध्ये कुणी गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितले. त्यांनी कोंबडीचे तुकडे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळून तळले, आपल्यासारखेच आले-लसूण-हिरवी मिरची परतली, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला. त्यांनी स्वतः सांगितलेली हकिकत आहे ही. म्हणजे मंचुरियन माझ्या नोकरीपेक्षाही लहान! मग कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला, कोबी आला आणि पदार्थ माळकऱ्यांच्या अंगणात येऊन बसला.

नंदुरबारला मी पहिली गाडी पाहिली ती १९९६ च्या सुमारास. लाल रंगाची, वर ड्रॅगन (तो मला आमच्या गणपतीच्या आराशीतल्या शेषासारखा दिसे) आणि खाली 'सेजवान राईस'. पोरगा अक्राणीकडचा, सुरतेच्या एका हॉटेलात कांदा चिरता चिरता शिकून आलेला. लोखंडी कढई भट्टीवर आदळायचा, ज्वाळा वर उठायची आणि बघणारे दोन पावले मागे सरायचे. त्याच्या शेजवान चटणीत मिरची आमच्याच बाजारातली. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ देशातल्या मोठ्या बाजारांपैकी एक. हिवाळ्यात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या की सगळा शिवार लाल दिसतो आणि रस्त्याने जाणारा ठसकतो. मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली, तशीच ती समुद्रावरून चीनमध्येही पोहोचली आणि सिचुआन प्रांताने तिला डोक्यावर घेतले. त्या सिचुआनचे 'सेजवान' होऊन ती पुन्हा आमच्या मिरचीला भेटली.

सर त्या गाडीचे माझ्याइतकेच भोक्ते झाले. शनिवारी शाळा सुटली की आम्ही दोघे तिथे. ते पोराशी त्यांच्या बोलीत बोलायचे, त्याची बोली थोडी निराळी, पण जमायचे. मग आम्हाला चटणी जास्त मिळायची. बाकावर वाण्याचा मुलगा, हमाल, कॉलेजातली पोरे, एसटीचा कंडक्टर. सगळ्यांना त्याच प्लास्टिकच्या हिरव्या प्लेटा, एकाच बादलीत बुडवून धुतलेल्या. (स्वच्छतेविषयी इथे बोलायला नको.) फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत बर्ड फ्लू निघाला. देशातली ती पहिलीच साथ. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. त्या महिन्यात गाडीवर चिकन चिली नाही, ऑम्लेट नाही, नुसता कोबी. सर म्हणाले, "आता सगळा गाव माळकरी झाला." २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली.

२००४ मध्ये त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी अक्कलकुव्याकडे गेलो होतो. मांडवातून त्यांच्या घरात गेलो. वहिनी चहा घेऊन आल्या. दोन कपबशा, एकसारख्या, नव्या कोऱ्या. म्हणाल्या, "यांना दिवसातून चार वेळा लागतो. तुमच्याकडे आले की कसे राहतात कोण जाणे." सरांनी बशीत चहा ओतला, फुरका मारला आणि माझ्याकडे बघितले. रागाने नाही. पेपर तपासून झाल्यावर मुलाकडे बघावे तसे.

त्यानंतर सात वर्षे लागली मला. २०११ मधला एक शनिवार होता, गाडीवर गर्दी कमी होती. मी गोखल्याचा विषय काढला. आजीचे नाव पुढे करणार होतो, पण तोंडातून निघाले ते, "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं." सरांनी टूथपिक मंचुरियनच्या गोळ्यात खुपसली.

"सर," ते म्हणाले, "गार होतंय. खा."

मी खाल्ले. प्लेटा देऊन झाल्यावर ते रस्ता ओलांडून समोरच्या टपरीकडे गेले आणि दोन बोटे दाखवून त्याला सांगितले, "दोन कटिंग."